शंभर जिवांचा अहेर

आत्याने भाच्याच्या घरी रिकाम्या हाताने जाऊ नये, असा आमच्याकडे दंडक आहे. बारशाला नाव ठेवायचे ते आत्याने, ‘कुर्र’ करून पाठीत गुद्दे खायचे तेही आत्यानेच, आणि पुढे जन्मभर अहेर करायचा तोही तिनेच. यंदा मे महिन्याच्या सुट्टीत मी धाकट्या भावाकडे न्यू जर्सीला गेले, तेव्हा चौदा वर्षांच्या भाच्याला काय द्यावे हा प्रश्न मला मुंबईच्या विमानतळापासूनच पडला होता. बॅगेत बेसनाचे लाडू होते, एक कुर्ता होता आणि मराठीच्या प्राध्यापिकेला शोभेल असे एक जाडजूड पुस्तकही होते. तिन्ही वस्तूंकडे पाहून तो “थँक्यू, आत्या” म्हणाला आणि आपल्या खोलीत निघून गेला.

खोलीत त्याचा समुद्र होता.

दीडशे लिटरची काचेची टाकी. तळाला पांढरी वाळू, मधोमध भोकाभोकांच्या दगडांची एक टेकडी, आणि दोन लहान पंप पाणी सारखे घुसळीत असलेले. पाण्याच्या हजार भागांत पस्तीस भाग क्षार, म्हणजे खऱ्या समुद्राइतके. तापमान साडेपंचवीस अंश. पुढे त्यात प्रवाळ वाढवायचे होते. तिकडे हौशी लोक आपल्या टाकीतले प्रवाळ कापून त्याचे कलम दुसऱ्याला देतात, आपण जास्वंदीची फांदी देतो तसे. पण त्या दिवशी टाकीत एकही मासा नव्हता. दीड महिना झाला, रिकामे पाणी फिरत होते.

“मासे कुठे आहेत रे?” मी विचारले.

“आधी पाणी तयार व्हावं लागतं, आत्या.”

भावजय दारातून म्हणाली, “ताई, तुमच्याशी एवढं तरी बोलला. आमच्याशी हल्ली हूं की चूं नाही.” भावाने हिवाळ्यात नोकरी बदलली, गाव बदलले, मुलाची शाळा अर्ध्या वर्षात बदलली. जुने मित्र मागे राहिले आणि नवे झाले नाहीत. बाजारातून ही टाकी आली आणि तो तिच्यासमोर बसू लागला.

पाणी तयार होणे म्हणजे काय, हे मी त्याच्याकडून शिकले. मासा काय, गोगलगाय काय, जे जगते ते मलमूत्र टाकते. उरलेले अन्न कुजते. त्यातून अमोनिया निघतो आणि तो विषारी असतो. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही घातकच. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात, ते पुष्कळ सौम्य. हे जिवाणू दगडांच्या भोकांत आणि वाळूत वस्ती करून राहिले म्हणजे पाणी तयार झाले. त्याला चार ते सहा आठवडे लागतात. आपण दुधाला विरजण लावतो आणि भांडे हलवीत नाही, तसाच प्रकार. फक्त हे विरजण लागले की नाही ते बोट बुडवून कळत नाही. काचेच्या नळीत थेंब टाकून रंग पाहावा लागतो.

मी पोचले त्याच आठवड्यात वाळूवर तपकिरी राख पसरल्यासारखा थर दिसू लागला. दोन दिवसांत काचाही तपकिरी झाल्या. भाच्याचा चेहरा उतरला. ते डायाटम, म्हणजे सिलिकाचे कवच असलेले सूक्ष्म जीव. नव्या टाकीत ते बहुधा येतातच आणि पाण्यातले सिलिका संपत आले की बहुधा आपणहून ओसरतातही. पण हे आम्हांला पुढे कळले. त्या वेळी दुकानदाराने सांगितलेले औषध आमच्यासमोर होते: सफाई करणाऱ्या प्राण्यांची एक पुरी पलटण. गॅलनमागे एक खेकडा आणि एकाहून थोड्या अधिक गोगलगायी, असा त्याचा सरळ हिशेब. चाळीस गॅलनची टाकी, म्हणून चाळीस शंखातले खेकडे, पन्नास नाना जातींच्या गोगलगायी, सहा कोळंब्या, दोन हिरवे खेकडे, वाळू उपसणारा एक तारामासा आणि एक समुद्रकाकडी. मोजून शंभर जीव, एका खोक्यात, घरपोच.

भाच्याच्या खाऊच्या पैशांत ते बसेना. मी म्हटले, “अरे, वाढदिवसाचा अहेर समज.” त्याने मला चक्क मिठी मारली. शंभर ही संख्या मला फार मंगल वाटली. आपल्याकडे अहेराचे पाकीट एकशे एकाचे असते, एवढीच काय ती उणीव.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात खोके आले. ओल्या कागदात गुंडाळलेल्या गोगलगायी, पाण्याच्या पिशव्यांत खेकडे. मी मालवणची. लहानपणी ओहोटीला खडपांवर आम्ही दोघे भावंडे असले शंख उचलून चालवीत असू. इतक्या दूर परक्या घरात ती मंडळी भेटल्यावर मला माहेरचे माणूस आल्यासारखे झाले. दोन दिवस खरोखर मौज होती. काचेवर गोगलगायी चढत होत्या, त्यांच्या मागे स्वच्छ पट्टे उमटत होते. त्यांच्या जिभेला बारीक दातांच्या ओळी असतात आणि त्या कानशीसारख्या काचेवरून फिरतात. दोनशे वर्षांपूर्वीची माणसेही हे बघत बसली असतील, असे मला वाटले. आणि पुढे वाचनात आले की थोडे कमी, पण तसेच आहे. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने १८४९-५० च्या सुमारास काचपात्रात सोनमासे आणि पाणवनस्पती ठेवून पाहिल्या. पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले. तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या आणि पाणी निवळले. सफाईसाठी जनावर निवडण्याची ही हौस अशी मत्स्यपेटीइतकीच जुनी आहे. पण वॉरिंग्टनकडे आधी कुजकी पाने होती, मग गोगलगायी आल्या. आमच्याकडे आधी शंभर तोंडे आली.

चौथ्या दिवशी पहिल्या गोगलगायी पडल्या. त्या मार्गारिटा जातीच्या, थंड समुद्रातल्या. साडेपंचवीस अंशांचे पाणी म्हणजे त्यांना वैशाखातली नागपूरची दुपार. त्या गरम टाकीसाठी विकायलाच नकोत, पण स्वस्त मिळतात म्हणून खोक्यात भरतात. मग अ‍ॅस्ट्रिया गोगलगायी. यांचे कवच शंकूसारखे असते आणि ती वाळूवर उताणी पडली तर तिला सहसा उलटता येत नाही. रात्री पडायच्या, सकाळपर्यंत खेकड्यांनी गाठलेल्या असायच्या. हे खेकडे निळ्या पायांचे, दिसायला गोजिरवाणे. यांचे पोट मऊ, त्यामुळे रिकाम्या शंखात शिरून राहायचे आणि अंग वाढले की मोठे घर शोधायचे. चाळीस भाडेकरू आणि रिकामी खोली एकही नाही, अशी गत झाल्यावर त्यांनी मालकांना मारून घरे बळकावली. मुंबईत राहणाऱ्याला हे फार समजावून सांगावे लागू नये.

तपकिरी थर आठवड्यात फस्त झाला होता. हिरवे शेवाळ अजून उगवायचे होते. म्हणजे टाकीत खायलाच काही नव्हते. मेलेल्या गोगलगायी कुजू लागल्या, अमोनिया पुन्हा वर गेला आणि त्याने आणखी जीव गेले. शंखाच्या आत मेलेली गोगलगाय बाहेरून दिसतही नाही. वास घेऊनच ओळखावी लागते. भाचा रोज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी एकेक शंख चिमट्याने उचलून नाकाशी नेत असे. मी पाहत उभी राही. तो आकडा वहीत लिहून ठेवी. बाविसाव्या दिवशी वहीत त्र्याहत्तर होते.

“मी मारले, आत्या,” तो म्हणाला.

मला म्हणायचे होते, “अरे, मी मारले, पैसे माझे होते.” पण शब्द फुटेना. भाषा शिकवून पोट भरणाऱ्या माणसाची अशी फजिती होते कधी कधी.

वाट दाखवली ती त्याच्या नव्या शाळेतल्या जीवशास्त्राच्या मास्तरांनी. त्याने वही वर्गात नेली होती. मास्तरांच्या घरी पंधरा वर्षांची जुनी टाकी होती. त्यांनी एका रविवारी आम्हांला बोलावले आणि पहिला प्रश्न केला तो असा, की तुमच्याकडे केर कोणता आहे? आम्ही एकमेकांकडे पाहिले. प्राणी कोणते हवेत एवढेच आम्ही ठरवले होते. केर कोणी पाहिलाच नव्हता.

ही जी जनावरे आपण सफाईसाठी आणतो ती सफाई करीत नसतात, ती जेवत असतात; आणि प्रत्येकीचे ताट निराळे. काचेवरचा आणि दगडावरचा पातळ हिरवा थर हे ट्रोकस गोगलगायीचे जेवण. ती उताणी पडली तर स्वतः उलटू शकते, हा तिचा मोठाच गुण. वाळूच्या वरच्या थरातला कचरा आणि कोपऱ्यांतले शेवाळ सेरिथ नावाची लांबट, टोकदार गोगलगाय खाते, तीही बहुतेक रात्री. नासारियस गोगलगाय शेवाळाला तोंडच लावीत नाही. ती वाळूत पुरून राहते, फक्त सोंडेसारखी एक नळी वर ठेवते. आणि माशांच्या खाण्याचा तुकडा पाण्यात पडला की वास लागून चारी बाजूंनी वाळू फुटते आणि या बाहेर येतात. जेवणाची घंटा झाल्यावर वसतिगृहातली मुले निघतात तशा. टर्बो गोगलगाय लांब केसांसारखे शेवाळ खाण्यात पटाईत, पण अंगाने रांगडी. नीट न चिकटवलेले प्रवाळ ती सहज पाडून जाते. नेराइट गोगलगायी भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या, मालवणच्या खडपांवर मी बघितल्या त्यांच्याच गणगोतातल्या. काच छान करतात. पण पाण्याबाहेर पडण्याची खोड असल्यामुळे झाकण नसेल तर सकाळी गालिच्यावर सापडतात.

कोळंब्यांचे तर नावावर जाऊ नये. पेपरमिंट कोळंबी आणायची ती काचफुलासारखा दिसणारा एक उपद्रवी जीव खाण्यासाठी. तिच्याच रंगरूपाची दुसरी एक कोळंबी असते, पाठीवर उंटासारखा उंचवटा असलेली, आणि ती प्रवाळच कुरतडते. ओळखीच्या दोन बहिणींपैकी नेमकी हवी ती ओळखावी लागते. हिरवा एमराल्ड खेकडा बुडबुड्यांसारखे शेवाळ फोडून खातो. ते नसेल तर मोठेपणी त्याची नजर दुसरीकडे वळते. केर नसताना यांतले कोणतेच आणू नये.

मास्तरांचा खरा राग होता तो तारामाशावर. म्हणजे तारामासा विकणाऱ्यांवर. वाळू उपसणारा तारामासा वाळूतली घाण खातो अशी समजूत आहे. तो खातो वाळूतले बारीक जीव, आणि तेच तर वाळू जिवंत ठेवणारे. दीडशे लिटरच्या नव्या टाकीत तो ते संपवतो आणि मग काही महिने हळूहळू उपाशी मरतो. वरून काही कळत नाही. समुद्रकाकडी तशी भली. वाळू गिळून तिच्यातले सेंद्रिय द्रव्य पचवते आणि स्वच्छ वाळू मागे टाकते. पण तिलाही पोटभर जुनी वाळू लागते, आणि ती पंपात अडकून फाटली तर तिच्या अंगातले विष अख्खी टाकी मारू शकते. आमच्याकडचे हे दोन्ही जीव जिवंत होते. ते त्याच रविवारी संध्याकाळी मास्तरांच्या मोठ्या टाकीत गेले. उरलेल्या खेकड्यांपैकी पाच ठेवून बाकीचेही तिकडेच दिले.

निघताना मास्तरांनी एक गोष्ट सांगितली, ती मला टाकीपेक्षा मोठी वाटली. कॅरिबियन समुद्रात लांब काळ्या काट्यांचा एक अर्चिन असतो, समुद्रातला साळिंदरच म्हणा ना. प्रवाळावरचे शेवाळ खाणे हा त्याचा उद्योग. १९८३ साली पनामाजवळ तो अचानक मरू लागला आणि वर्षभरात जवळजवळ साऱ्या कॅरिबियनभर नव्वद टक्क्यांहून अधिक अर्चिन नाहीसे झाले. जमैकात शेवाळ खाणारे मासे माणसांनी आधीच उपसून संपवले होते, १९८० च्या वादळाने प्रवाळ मोडले होते, आणि शेवटचा झाडूवाला उरला होता तोही गेला. १९७७ साली तिथल्या समुद्रतळाचा निम्म्याहून थोडा अधिक भाग जिवंत प्रवाळाने झाकलेला होता. १९९३ पर्यंत तो तीन टक्क्यांवर आला आणि शेवाळ चारावरून ब्याण्णव टक्क्यांवर गेले. त्या पहिल्या साथीचे कारण पक्के हाती लागले नाही. २०२२ साली पुन्हा मर सुरू झाली. तिच्यामागचा एकपेशीय जीव मात्र वर्षभरात सापडला.

परतताना गाडीत भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे तिथे केर होता आणि खाणारे नव्हते. आपल्याकडे खाणारे होते आणि केर नव्हता.” गाडी चालवीत असलेल्या माझ्या भावाने आरशातून त्याच्याकडे पाहिले. तो संगणकावरचा माणूस, या टाकीला तो ‘पैशाची आंघोळ’ म्हणत असे. त्या दिवशी त्याने पहिल्यांदा विचारले, “मग आता काय करायचं?”

करायचे काहीच नव्हते. आठवड्याला पाण्याचा दहावा हिस्सा बदलायचा, काच हाताने पुसायची आणि वाट पाहायची. वाट पाहणे हे या छंदातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अवघड काम. जनावरांनी खाल्लेली घाण कुठे जात नाही, ती फक्त रूप बदलते. शेवाळाची विष्ठा होते आणि पुन्हा शेवाळाचे खत. ती टाकीबाहेर काढायची ती माणसाने, बादलीने. त्या बादल्या बाप-लेक मिळून उचलू लागले.

याच दिवसांत माझ्या हातून आणखी एक अपराध होता होता राहिला. टाकीतले पाणी वाफेने उडते पण मीठ उडत नाही, म्हणून रोज थोडे गोडे शुद्ध पाणी घालावे लागते. भावजयीने सासूची आठवण म्हणून नेलेला तांब्याचा तांब्या ओट्यावर होता. मी प्रेमाने तो भरून आणला. भाचा असा ओरडला की शेजारची कुत्री भुंकली. “तांबं नको! तांबं नको!” या बिनकण्याच्या जिवांना तांब्याचा अंशही मानवत नाही. माशांच्या कित्येक औषधांत तांबे असते आणि टाकीत ते एकदा टाकले की गोगलगायी, कोळंब्या, प्रवाळ, सगळ्यांवर पाणी सोडावे लागते. आपण सकाळी उठून तांब्यातले पाणी आरोग्यासाठी पितो, आणि इथे हे असे!

जूनच्या पहिल्या आठवड्यात काचेवर हिरवी झाक दिसली. तपकिरी थर पुन्हा आला नव्हता. आम्ही चौघांनी मिळून, भिंगातून, केर पाहिला. भावजयसुद्धा आली. मग पाच ट्रोकस, चार सेरिथ आणि, टाकीत एव्हाना दोन लहान मासे आले होते म्हणून, तीन नासारियस, बस्स. खेकडे पाच होतेच. या वेळी मी दुकानात स्वतः गेले. दुकानातला मुलगा म्हणाला, चाळीस गॅलनना एवढ्याने काय होणार? भाचा म्हणाला, “कमी पडले तर पुन्हा येऊ.” मला वाटले, केवढा मोठा झाला हा तीन आठवड्यांत.

नवे जीव टाकीत एकदम सोडायचे नसतात. पाण्याच्या खारटपणातला फरक त्यांना सोसत नाही. त्यांना बादलीत ठेवून वरून बारीक नळीने टाकीचे पाणी थेंब थेंब सोडायचे, तासभर. नळीला गाठ मारून भाच्याने थेंब धरला तेव्हा मला आमच्या मालवणच्या घरातले पिंडीवरचे अभिषेकपात्र आठवले. मी ते बोलून दाखवले. “तांब्याचं नाही ना?” त्याने विचारले आणि आम्ही सगळेच हसलो.

मी परतले तेव्हा बाराही गोगलगायी जिवंत होत्या.

इथे आल्यावर आमच्या इमारतीतल्या दोघातिघांनी उत्साहाने विचारले, तशी टाकी आपल्याकडे करता येईल का? गोड्या पाण्याची खुशाल करावी. खाऱ्या पाण्याची करायची तर कायदा आधी वाचावा. आपल्या समुद्रातले प्रवाळ आणि समुद्रकाकड्या २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आणल्या गेल्या. काही मोठे शंखही संरक्षित आहेत. मालवणच्या पाण्यातही प्रवाळ आहे, आणि त्याला झाडलोट करायला तिथली मंडळी आहेत. त्यांना तिथेच राहू द्यावे.

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. टाकी हिरवी होत नाही आणि उपाशीही राहत नाही. मोहरीएवढे ट्रोकस काचेवर दिसू लागले आहेत, वहीत त्यांचा वेगळा रकाना आहे. दोन खेकड्यांना मात्र घर लहान पडू लागले आहे. रिकामे शंख हवेत, रंग किंवा रोगण न लावलेले. किनाऱ्यावरून वेचून पाठव, असे तो म्हणाला नाही. त्याला ठाऊक आहे की तिथल्या खेकड्यांनाही घरे कमीच पडतात.

गणपतीला मालवणला गेले तेव्हा माळ्यावरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. आम्हा भावंडांचे लहानपणचे शंख त्यात आहेत. झाकणावर भावाने आठ वर्षांचा असताना खिळ्याने स्वतःचे नाव कोरलेले आहे. संरक्षित कोणता निघू नये म्हणून एकेक निरखून पाहिला. मग बारीक, गोल तोंडाचे चौदा निवडले, दोनदा उकळले, उन्हात वाळवले. फराळाच्या पार्सलात चकल्यांच्या आणि चिवड्याच्या मध्ये ते कापसात बसवले आहेत. डबाही सोबत पाठवीत आहे. तो भावासाठी.